यंत्रांची आगोट

वैशाख सरत आला कीं रत्नागिरींत घरोघरीं आगोटीची लगबग सुरू होते. कौलें चाळून घ्यावयाचीं, पडवीला झापांचा आडोसा बांधावयाचा, लांकूडफाटा कोरड्या जागीं रचावयाचा, आंबोशी, सोलें, कडधान्यें यांना ऊन दाखवून तीं बरण्यांत भरावयाचीं, हीं सर्व कामें मृग लागण्यापूर्वीं आटोपलीं पाहिजेत, हें कोंकणांतील गृहिणीस कोणी शिकवावें लागत नाहीं. पावसाला तोंड द्यावयाचें तें पाऊस येण्यापूर्वीं, हा नियम या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. तथापि या जुन्या यादींत विजेच्या यंत्रांचें नांव मात्र अद्यापि शिरलेलें नाहीं. विहिरीवरचा पंप, त्याचा स्टार्टर, घराचें अर्थिंग, मीटराजवळची पेटी, इन्व्हर्टर, फ्रीज हीं घरांत येऊन कित्येक वर्षें लोटलीं. पण त्यांची आठवण होते ती तीं बंद पडल्यावर. आणि बंद पडावयाचीं तींही नेमकीं आषाढांत, रात्रीच्या वेळीं, वायरमन दुसऱ्या गांवीं अडकलेला असतांना! या यंत्रांचीही आगोट करतां येते, ती कशी करावी आणि न केल्यास कोणता धोका संभवतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम येथील हवेचा गुण ओळखला पाहिजे. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. परंतु यंत्रांचें खरें वैर पावसाच्या धारेशीं नाहीं. धार दिसते, तिला छप्पर घालतां येतें. वैर आहे तें वाऱ्याबरोबर येणाऱ्या न दिसणाऱ्या मिठाशीं. पावसाळ्यांत मिठाची बरणी पाझरते हें प्रत्येक स्वयंपाकघरांत दिसतें. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ७५ च्या सुमारास गेली कीं साधें मीठ हवेंतला ओलावा ओढूं लागतें. समुद्राच्या मिठांत मिसळलेलें मॅग्नेशियम क्लोराइड तर शेंकडा ३३ इतक्या कोरड्या हवेंतही तेंच करतें. बरणींत घडतें तेंच मोटरच्या गुंडाळीवर, स्टार्टरच्या तांब्याच्या टोंकांवर आणि स्विचाच्या पोटांत घडत असतें. मिठाचा एक अदृश्य थर बसतो, तो सदैव ओलसर राहतो, आणि खारें पाणी हें विजेला उत्तम वाट देणारें असल्यामुळें जेथें वीज जाऊं नये तेथें ती हळूहळू झिरपूं लागते.

यांतून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. यंत्र चालून चालून झिजतें, असा आपला सर्वसाधारण समज आहे. गिरणी-कारखान्यांत तो खराही असेल. परंतु कोंकणांतील घरगुती यंत्र चालण्यानें मरत नाहीं, तें बसून राहिल्यानें मरतें. चालणारी मोटर आपल्या उष्णतेनें स्वतःला वाळवून घेते. बंद मोटर दिवसां तापून आंतली हवा बाहेर टाकते आणि रात्रीं गार होऊन बाहेरची दमट, खारट हवा आंत ओढते. असा तिचा श्वासोच्छ्वास महिनोन्‌महिने चालू राहतो. आज रत्नागिरी जिल्ह्यांत किती घरें वर्षांतले दहा महिने कुलुपांत असतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुलें मुंबई-पुण्यास, कोणी सातासमुद्रांपलीकडे. घर उघडावयाचें तें गणपतींत अथवा मे महिन्यांत. चाकरमानी मंडळी उतरतात, देवघर झाडतात, आणि कोणी तरी उत्साहानें पंपाचें बटण दाबतो. पंप घूं घूं करतो, फिरत नाहीं. पुन्हा दाबतो, जरा जास्त वेळ धरून ठेवतो. जळका वास येतो, आणि ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशीं घरांत पाणी नाहीं!

या घूं घूं आवाजाचा अर्थ प्रत्येक घरांत ठाऊक असणें अवश्य आहे. मोटर सुरू होतांना नेहमींच्या पांच ते सातपट विद्युत्प्रवाह घेते. ती फिरूं लागली कीं हा प्रवाह क्षणार्धांत उतरतो. न फिरल्यास तसाच वाहत राहतो आणि थोड्याच वेळांत गुंडाळी भाजून निघते. म्हणून आवाज येऊन पंप फिरत नाहीं असें दिसतांच, मनांत दोन आंकडे मोजण्याच्या आंत, बटण बंद करावें. नंतर मुख्य स्विच खालीं करून, पंपाची पिन काढून, मोटरच्या मागच्या बाजूचा पंखा हातानें फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला तर दोष बहुधा कपॅसिटरांत आहे. तो बदलणें थोड्या खर्चाचें काम आहे. मात्र कपॅसिटरच्या टोंकांना हात लावूं नये. वीज बंद केल्यावरही त्यांत कांहीं काळ भार शिल्लक असतो. पंखा फिरला नाहीं तर आंतलें बिडाचें चाक गंजानें बिडाच्याच घराला चिकटलें आहे असें समजावें. गंज सोडविणारें तेल सोडून रात्रभर थांबावें व सकाळीं हलक्या हातानें पुढें-मागें फिरवून तें मोकळें करावें. हातोड्याचा प्रयोग करणारे बहाद्दर गांवोगांवीं आहेत. त्यांना त्या दिवशीं दुसरें कांहीं काम द्यावें हें बरें.

हें सर्व टाळण्याचा उपाय फार सोपा आहे. आठवड्यांतून एक वेळ दहा मिनिटें पंप चालवावा आणि पाणी परत विहिरींतच सोडावें. घर बंद असल्यास शेजारच्या काकांकडे किल्लीबरोबर एवढें एक काम सोंपवावें. कोरडा पंप मात्र चालवूं नये. पाण्यावांचून त्याची सील थोड्याच वेळांत करपते.

पंप फिरतो पण पाणी येत नाहीं, ही दुसरी तक्रार. येथें पंपाला दोष देण्यापूर्वीं विहिरींत डोकवावें. जमिनीवर बसविलेला पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों, पण वास्तविक हवेचा दाब तें वर ढकलतो आणि हा दाब फार तर सुमारे १०.३ मीटर उंचीचें पाणी तोलूं शकतो. व्यवहारांत सहा-सात मीटरांपलीकडे भरंवसा धरूं नये. चैत्र-वैशाखांत विहिरीनें तळ गांठला कीं तोच पंप, जो पौषांत हौद भरून टाकीत होता, हताश होतो. पाण्याची पातळी ठीक असेल तर तळाचा फूटव्हॉल्व गळत असेल किंवा नळीच्या सांध्यांतून हवा शिरत असेल. रात्रीं पाणी भरून ठेवलेली नळी सकाळीं रिकामी आढळल्यास फूटव्हॉल्वच्या चामड्यांत काडी-कचरा अडकला आहे, हें निश्चित.

येथें एक इशारा देणें भाग आहे. उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें म्हणून पुष्कळ ठिकाणीं पंप विहिरींतच एखाद्या टप्प्यावर अगर फळीवर उतरवितात. तो उपाय योग्यच आहे. परंतु मृगाच्या पहिल्या आठ दिवसांत कोंकणची विहीर किती झपाट्यानें भरते हें उतरविणारा विसरतो आणि पंप फळीसकट बुडतो. उतरविलेला पंप रोहिणी नक्षत्र लागतांच, म्हणजे पंचवीस मेच्या सुमारास, वर घ्यावा. पाण्यांतच राहणारा सबमर्सिबल पंप असल्यास ही यातायात वांचते. पण त्याच्या केबलीचा जोड पाण्याच्या वाढत्या पातळीखालीं जाणार नाहीं ना, हें पाहून ठेवावें.

आतां अर्थिंगाकडे वळूं. कारण पंप जळाला तर पैसे जातात, अर्थिंग बिघडलें तर माणूस जातो.

“आमच्या पंपाला हात लावला कीं जरा झिणझिण्या येतात,” हें वाक्य आपण किती घरीं हंसत हंसत उच्चारलेलें ऐकतों! चिऱ्याच्या भिंती पावसांत ओलावल्या कीं न्हाणीघराच्या नळालाही कोठें कोठें अशाच झिणझिण्या येतात. या झिणझिण्या म्हणजे थट्टेचा विषय नव्हे. ती यंत्रानें दिलेली पूर्वसूचना होय. आज पायांत चप्पल होती म्हणून झिणझिण्या आल्या. उद्यां घरांतली सून अनवाणी, ओल्या लुगड्यानें, ओल्या दगडावर उभी असेल. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाह शरीरांतून क्षणभर वाहिला तरी हृदयाची गति बिघडूं शकते. पन्नास मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग. लहानशा दिव्याला याहून अधिक लागतो.

कित्येकांचा असा समज असतो कीं, फ्यूज किंवा एम्.सी.बी. आहे, तेव्हां भय नाहीं. हा समज घातक आहे, आणि रत्नागिरीसारख्या जांभ्या दगडाच्या मुलखांत तर अधिकच. जांभा सच्छिद्र आहे. त्यांतून पाणी झरझर निघून जातें आणि उन्हाळ्यांत सडा तव्यासारखा कोरडा पडतो. अशा जमिनींत पुरलेल्या अर्थिंगाचा रोध फार वाढतो. समजा तो वीस ओहम झाला. मोटरची तार तिच्या लोखंडी अंगाला टेकली, तर २३० व्होल्टांच्या दाबाखालीं जमिनींत जाणारा प्रवाह फार तर साडेअकरा अँपिअर होईल. सोळा अँपिअरचा एम्.सी.बी. एवढ्यानें हलतसुद्धां नाहीं. पंप चालूच राहतो, पाणी येतच राहतें, आणि त्याचें अंग मात्र हात लावणाऱ्याची वाट पाहत जिवंत विजेनें भारलेलें राहतें.

याला तोड म्हणजे आर.सी.सी.बी. हें उपकरण. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तें पापणी लवण्याच्या आंत वीज तोडतें. अर्थिंग शंभर ओहमांचें असलें तरी तेवढ्या गळतीला पंपाच्या अंगावर तीनच व्होल्ट चढतात. हें उपकरण आज कोंकणांतल्या प्रत्येक घरांत असावें असें आमचें आग्रहाचें मत आहे. परंतु येथेंही एक खेदजनक प्रकार दिसतो. पावसाळ्यांत तें वारंवार ‘पडूं’ लागतें, घरांत सारखा अंधार होतो, आणि कंटाळून कोणी तरी वायरमनला सांगतो, ‘हें काढून टाक रे बाबा!’ कुत्रा भुंकतो म्हणून त्याला घालवून देऊन दार उघडें टाकावें, तशांतला हा प्रकार. तें पडतें याचाच अर्थ घरांत कोठें तरी वीज झिरपत आहे. ती जागा शोधणें कठीण नाहीं. सर्व एम्.सी.बी. खालीं करून आर.सी.सी.बी. वर करावा, मग एकेक एम्.सी.बी. वर करीत जावें. ज्याच्यासरशी तो पडेल त्या वाटेवर दोष आहे. पुढें त्या वाटेवरच्या वस्तूंच्या पिना काढून तोच प्रयोग करावा. पुष्कळदां अंगणांतला दिवा, न्हाणीघरांतला गीझर किंवा पंपच चोर निघतो. सर्व कळा खालीं असतांही तो पडला तर दोष न्यूट्रलच्या तारेंत असूं शकेल. तें काम मात्र वायरमनचेंच.

या उपकरणावरचें परीक्षेचें बटण महिन्यांतून एकदां दाबून तें पडतें ना, हें पाहावें. तें पडलें म्हणजे उपकरण शाबूत आहे एवढेंच सिद्ध होतें. अर्थिंग शाबूत आहे असें सिद्ध होत नाहीं. अर्थिंगाची परीक्षा वेगळी आणि तीही मे महिन्यांतच करावी, श्रावणांत नव्हे. श्रावणांत भिजलेल्या जमिनींत वाईट अर्थिंगही चांगलें भासतें. शिवाय वळवाच्या विजा कडाडतात त्या याच कोरड्या दिवसांत. खड्डा शक्य तों सड्यावर न घेतां न्हाणीच्या पाण्याची ओल पोहोंचते अशा मातीच्या जागीं घ्यावा, उन्हाळ्यांत त्यांत पाणी घालीत जावें, आणि नळीला जोडलेली तार गंजून तुटली नाहीं ना हें डोळ्यांनीं पाहावें. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, खड्डा आहे, झांकण आहे, वर ‘अर्थ’ असें रंगविलेलेंही आहे, आणि झांकण उचलावें तों आंत तारेच्या जागीं लाल मातीचा चुरा! खड्ड्यांत घातलेलें मीठ जांभ्यांतून पावसाबरोबर वाहून जातें आणि राहतें तें लोखंड खातें, हें ध्यानांत ठेवून दर दोन-तीन वर्षांनीं हा खड्डा उघडवून घ्यावा.

मुख्य स्विच कोठें आहे हें घरांतील प्रत्येकाला, सुना-मुलांसुद्धां, ठाऊक असावें. त्याजवळ मोठ्या अक्षरांत कागद लावावा: कोणास झटका बसून तो चिकटला तर त्याला हात लावूं नये, आधीं ही कळ खालीं करावी, कळ दूर असेल तर कोरड्या लांकडानें त्याला सोडवावें, श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरीं वडील माणसेंच असतील तर हा कागद चष्म्यावांचून वाचतां यावा.

इतकें वाचून एखादा उत्साही वाचक स्क्रू काढण्याचें हत्यार घेऊन उठेल, म्हणून उलट बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांड या विभागांत विमानांची दर पन्नास उड्डाण-तासांनीं कसून तपासणी होत असे. सी. एच्. वॉडिंग्टन आणि त्यांचे सहकारी यांनीं बिघाडांची नोंद पाहिली, तों असें आढळलें कीं तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि पुढें हळूहळू कमी होतात! नीट चालणारें यंत्र उघडण्यानेंच बिघडत होतें. पुढें १९७८ सालीं नोलन आणि हीप यांनीं युनायटेड एअरलाइन्सच्या विमानांवरून एक अहवाल लिहिला. त्यांतही वय वाढल्यामुळें बिघाड वाढण्याची प्रवृत्ति शेंकडा ११ भागांतच दिसून आली. तात्पर्य, काळजी घेणें म्हणजे खोलून पाहणें नव्हे. पुसावें, वाळवावें, आवाज ऐकावा, हात लावून ऊब पाहावी, वास घ्यावा, आणि कारण दिसल्यावांचून झांकण काढूं नये. गृहिणी लोणच्याची बरणी रोज ढवळीत नाहीं, वरून पाहते.

पाहावयाचें तें ऋतूच्या हिशेबानें पाहावें, याचा मोठा दाखला आपल्या दारावरूनच रोज धडधडत जातो. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला. २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळें गाडी घसरून पन्नासांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. आज दर पावसाळ्यांत या मार्गाचें वेळापत्रकच वेगळें असतें. गाड्यांचा वेग उतरवितात, आणि दरडीच्या जागीं माणसें रात्रंदिवस गस्त घालतात. घरांतही पावसाळी वेळापत्रक असावयास काय हरकत आहे? रोहिणी लागतांच एक फेरी, आणि पाऊस ओसरतांना हस्त नक्षत्रांत दुसरी. एका वहींत तारीख आणि काय आढळलें तें लिहून ठेवावें. वायरमनला मेगर घेऊन एकदांच बोलवावें. पांचशे व्होल्टांच्या मेगरनें मोटरचा रोधक थर तपासला आणि तो एक मेगओहमाच्या खालीं उतरलेला दिसला, तर ती मोटर या पावसांत दगा देणार असें समजून आधींच वाळवून घ्यावी. गेल्या वर्षींचा आंकडा वहींत असेल तर घसरण आपोआप दिसते.

बाकीच्या वस्तूंविषयीं थोडक्यांत. स्टार्टरच्या पेटींत पाल शिरते, मुंग्या वारूळ करतात. म्हणून केबलीची भोकें बुजवावीं. थ्री-फेज पंपाला एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारें उपकरण असावेंच, नाहीं तर ती उरलेल्या दोन फेजवर रडत रडत जळते. इन्व्हर्टरच्या बॅटरींत शुद्ध केलेलेंच पाणी घालावें, विहिरीचें कदापि नाहीं. टोंकांवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून पुसावी आणि वर व्हॅसलीन लावावें. आणि ती कोंदट खोलींत ठेवूं नये, कारण भारतांना तिच्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. फ्रीजच्या दारांत कागद धरून दार लावावें. कागद सहज ओढला गेला तर दाराचें रबर सैल झालें आहे. छताचा पंखा मंदावला तर बहुधा कपॅसिटर अशक्त झालेला असतो. विजेचा दाबही कमी असूं शकतो.

वादळानंतरची गोष्ट निराळी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें दापोली-मंडणगड भागांत विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. अशा वेळीं पडलेल्या तारेजवळ कोणी जाऊं नये. ती मेलेली आहे असें गृहीत धरूं नये. १९१२ या क्रमांकावर कळवावें. वीज परत आल्यावर थ्री-फेज पंप उलटा तर फिरत नाहीं ना, हें पाहावें. नव्या जोडणींत दोन फेज बदलले गेले तर तो उलटा फिरतो आणि पाणी फार थोडें देतो. दोष पंपाचा नसतो. वायरमननें दोन तारा अदलाबदल केल्या कीं काम होतें.

आणि पुरांत बुडालेलें यंत्र! २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें तेव्हां घरांतलीं, दुकानांतलीं असंख्य यंत्रें गाळाखालीं गेलीं. पाणी चढूं लागतांच मुख्य स्विच बंद करावा. पाण्यांत उभें राहून मात्र करूं नये. पाणी ओसरल्यावर ‘चालतें का बघूं’ म्हणून बटण दाबण्याचा मोह आवरावा; बुडालेलें यंत्र पुष्कळदां पाण्यानें मरत नाहीं, त्या पहिल्या बटणानें मरतें. मोटर उघडवून स्वच्छ गोड्या पाण्यानें गाळ धुवावा, बेअरिंगें धुऊन नवें ग्रीस भरावें, आणि गरम हवेनें अथवा दिव्याच्या उबेनें ती सावकाश वाळवावी. जाळावर धरूं नये. मेगर एक मेगओहमाच्या वर स्थिर दिसेपर्यंत वीज जोडूं नये. बुडालेले एम्.सी.बी., आर.सी.सी.बी., कपॅसिटर हे वाळवून पुन्हा वापरूं नयेत, टाकून द्यावेत. श्रावणाच्या दमट हवेंत मोटर वाळण्यास चार-पांच दिवसही लागतात. तोंपर्यंत पाणी हातानेंच काढावें लागणार. म्हणून विहिरीवरचा जुना रहाट कोणी काढून टाकूं नये, आणि मृगापूर्वीं त्याच्या आंसालाही खोबरेल घालून ठेवावें.